ज्याचा त्याचा घाणा

मी बोलतेय, पोह्यांची गिरणी. कर्जतहून खालापूरकडे येताना उजव्या हाताला एक पत्र्याची शेड लागते. पुढे चिंचेचं झाड, झाडाला टेकवलेली पंक्चरवाल्याची जुनी टायरं. त्या शेडमध्ये मी उभी आहे. तुम्ही मला पाहिलं असेल, पण ओळखलं नसेल. वर्षातले अकरा महिने माझ्या अंगावर गोणपाट असतं. लोक शेडच्या सावलीला गाडी लावतात, फोनवर बोलतात, माझ्या जोत्यावर चहाचे कागदी पेले ठेवून निघून जातात. मी रागावत नाही. दिवाळीच्या आधीचे वीस दिवस माझे असतात, आणि तेवढ्यावर मी वर्ष काढते.

माझा जन्म कोल्हापूरकडच्या ओतकामाच्या एका कारखान्यातला. वितळलेलं बीड साच्यात ओतलं आणि माझी गोल, उंच कडांची परात तयार झाली. परातीत एक जड चाक बसवलं. मोटार सुरू झाली की परात फिरते, चाक भाजलेल्या गरम भाताला, म्हणजे तुसासकटच्या तांदळाला, कडेवर दाबत जातं, तूस सुटतं आणि दाणा चपटा होतो. एवढंच माझं काम. सत्त्याऐंशी साली भाद्रपदात मी ट्रकमधून बोरघाट उतरले तेव्हा एवढी हलले होते, की इथे पोचेपर्यंत माझे तुकडे होणार असंच मला वाटत होतं.

मला आणलं आबाजींनी, पण बोलावलं आनंदीबाईंनी. आबाजी शेतकरी, तेव्हा तिशीचे. आनंदीबाई त्यांची बायको. त्यांच्या पेणकडच्या माहेरी अशी गिरणी होती. इकडे सासरी मात्र पोहे घरोघर उखळात कांडायचे. एकीनं भाजायचं, दोघींनी मुसळं घालायची, आणि दिवाळी येईपर्यंत तिघींचे खांदे उतरलेले. आनंदीबाईंनी तीन दिवाळ्या ते केलं. चौथ्या वर्षी नवऱ्याला म्हणाल्या, "माज्या माहेरच्या बाया दिवाळीत हसतात. इथल्या कन्हतात. तुमी यंत्र आना."

यंत्र आलं, पण बाया आल्या नाहीत. लोखंडाचे पोहे देवाला कसे चालायचे, असं सगळ्या आळीचं म्हणणं. पहिल्या दिवशी फक्त शेजारची द्वारका आली. तेव्हा ती नवी नवरी होती, पण तोंडानं तेव्हाही जुनीच.

"वयनी, पोह्यांना ग्रीसचा वास येईल गं!"

आनंदीबाईंनी एक चिमूट स्वतःच्या तोंडात टाकली, एक द्वारकेच्या. "आला वास?"

"आला की. तुमच्या मिसरीचा."

चिंचेखाली बसलेले चार बाप्ये हसले, बातमी गावात गेली, आणि दुसऱ्या दिवशी माझ्यापुढे नऊ टोपल्या होत्या.

पोहे करणं सोपं वाटतं, तसं ते नसतं. भात दोन रात्री भिजवून, निथळून आणायचं. भट्टीवरच्या लोखंडी कढईत वाळू तापवायची, तिच्यात ओलं भात टाकायचं आणि हलवत राहायचं. आधी ते फुसफुसतं, मग तडतडू लागतं. त्या तडतडण्यात एक क्षण असा येतो, की तेव्हाच ते कढईतून काढून, वाळू चाळून, गरमागरम माझ्या पोटात टाकायचं. श्वासभर आधी टाकलं तर दाण्याचा लगदा होतो. श्वासभर उशीर झाला की चुरा. तो क्षण आनंदीबाई कानानं ओळखायच्या. गप्पा मारत, कुणाच्या सुनेची चौकशी करत, मध्येच वाक्य तोडून झारा उचलायच्या. वाक्याचा उरलेला भाग पोहे झाल्यावर पुरा व्हायचा.

त्यांचा एक नियम होता. एका घराचं भात एका घाण्यात. घाणा म्हणजे कढईत एका वेळी पडतं तेवढं. कुणाचं चार पायली असो नाहीतर दोन शेर, त्यात दुसऱ्याचा दाणा मिसळायचा नाही. प्रत्येक घाण्यानंतर माझ्या पोटातला चुरा झाडून काढायचा आणि ज्याचा त्याच्या टोपलीत टाकायचा. टोपल्यांना खुणा असत. कुणाची लाल चिंधी, कुणाचा आंब्याचा टहाळा, कुणाच्या फुटक्या बांगडीचा तुकडा सुतळीला बांधलेला.

एकदा आबाजी म्हणाले, "अगं, या दोघींच्या शेताला मधी एक बांध हाय नुसता. एकत्र टाक, लाकूड वाचंल."

"लाकूड वाचंल. पन तिनं लेकीला धाडलेले पोहे तिच्या शेतातले ऱ्हातील का?"

आबाजींनी पुन्हा कधी विचारलं नाही.

माणसांची मला गंमत वाटे. आपले पोहे हातात पडले, की पहिली चिमूट तोंडात टाकून प्रत्येक बाई म्हणायची, यंदा आमचं शेत गोड पिकलं. आणि शेजारणीची पाठ फिरली, की तिच्या टोपलीतली चिमूट उचलून बघायची. सगळ्या असंच करत. ही गोष्ट मी इतकी वर्षं कुणाला सांगितली नव्हती.

त्या काळी वीस दिवसांत दीडशेवर टोपल्या येत. मग कमी होत गेल्या. कुणी वाईट वागलं म्हणून नाही. खालापूरच्या दुकानांत तयार पोह्यांच्या पिशव्या टांगल्या गेल्या. द्रुतगती रस्ता झाला, शेतं विकली गेली, जिथे भात डोलायचं तिथे कुंपणं आली आणि आत निळे तरणतलाव. ज्यांची शेतं राहिली त्यांची मुलं कंपन्यांत लागली. भिजवायला, निथळायला घरात कुणी उरलं नाही. ऐन दिवाळीत वीज जायची. माझ्या चाकाचं बेअरिंग गेलं की आबाजींना कोल्हापूर गाठावं लागे, आणि ते परत येईपर्यंत बायका भिजलेलं भात घेऊन घरी जात. भिजलेलं भात थांबत नाही.

अकरा महिन्यांचं काय करायचं, हा प्रश्न आबाजींना कायमचा. एका वर्षी त्यांनी माझ्या शेजारी मिरची कांडायचं यंत्र बसवलं. धंदा बरा झाला, पण शेडभर तिखट उडायचं आणि माझ्या फटीफटींत जाऊन बसायचं. त्या दिवाळीत एक म्हातारबाबा शिंकत शिंकत आले. "आबाजी, तुज्या पोह्यांना फोडनी द्यायलाच लागत नाय रं!" ते यंत्र पुढच्या महिन्यात विकलं.

आबाजींचा मुलगा किरण शिकला आणि खोपोलीकडच्या एका कंपनीत लागला. त्याची बायको सुप्रिया. तीही एका कंपनीत पॅकिंगला होती. कंत्राटी माणसं कमी केली तेव्हा ती घरी बसली. घरी बसली म्हणजे माझ्याजवळ येऊन बसली. ती मला निरखून बघायची. अकरा महिने गोणपाटाखाली असलेली वस्तू बघून तिचा जीव तळमळे.

"आई, शनिवार-रविवारी या रस्त्याला किती गाड्या जातात? त्यांतल्या दहांनी जरी एकेक किलो घेतले तर?"

"शेरातली मानसं पोहे इथून नेतील? त्यांच्याकडं दुकानं नायत?"

"दुकानं हायत. पण दुकानात गिरणी नाय."

आनंदीबाईंना हे पटलं. सुप्रियानं कर्जतहून पाकिटं आणली, वजनकाटा आणला, रस्त्यावर पाटी लावली. परवान्याचा अर्ज भरायला ती खालापूरच्या एस.टी. स्टँडजवळच्या ऑनलाइन केंद्रात गेली. तिथल्या मुलीनं विचारलं, उत्पादन वर्षाचे किती दिवस? सुप्रिया म्हणाली, वीस. मुलीनं पडद्यावरून मान वर केली. "ताई, वीस दिवसांचा धंदा कुठं असतो? काहीतरी नीट सांगा." घरी येऊन सुप्रियानं हे सांगितलं तेव्हा आनंदीबाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. "तिला सांग, वीस दिवस धंदा अन् बाकी वर्षभर वाट बगायची. ते काम कुटल्या रकान्यात बसतं बग म्हनावं."

पाकिटं खपू लागली. फार नाही, पण माझ्यावरचं गोणपाट महिन्यातून दोन-तीनदा निघायला लागलं. सासू भाजायची, सासरे माझ्यात टाकायचे, सून पाकिटं भरायची. माझ्या आयुष्यातली ती चार वर्षं मला पुन्हा कुणी देणार असेल, तर मी माझं चाक देऊन टाकीन.

मागच्या वर्षी ज्येष्ठात आनंदीबाई गेल्या. ताप आला, उतरला, परत आला. बारा दिवस. मला कुणी सांगितलं नाही. यंत्राला कोण सांगणार? तेराव्यानंतर आबाजी एकटे आले. गोणपाट बाजूला केलं. परातीच्या कडेवर हात ठेवून थोडा वेळ उभे राहिले. मग गोणपाट नीट ओढून, कोपरे खोचून गेले. त्यावरून मी ओळखलं.

आमच्या भागात, ज्या घरातलं माणूस वर्षाच्या आत गेलेलं असतं त्या घरात दिवाळीचं काही करत नाहीत. शेजारीपाजारी, नातेवाईक आपापल्या घरचं थोडं थोडं आणून देतात. घरातल्या माणसांनी मागायचं नसतं आणि लोकांनी विसरायचं नसतं. गिरणी चालवायला मात्र हरकत नव्हती. भात लोकांचं, दिवाळी लोकांची. भट्टीपुढे आता सुप्रिया बसली.

त्याच वर्षी तिला पहिलं मोठं काम मिळालं होतं. कर्जतपलीकडच्या एका रिसॉर्टचा मॅनेजर, निलेश नावाचा, पाकीट घेऊन गेला होता. त्याला वसुबारसेच्या आत दीडशे किलो पोहे हवे होते, सुट्टीच्या पाहुण्यांच्या नाश्त्यासाठी. हे काम नीट झालं तर दर महिन्याला मिळणार होतं. त्यासाठीचं भात तिनं विकत घेऊन ठेवलं. पण हात नवा. कधी लगदा, कधी चुरा. तिला तो क्षण ऐकू येत नव्हता. इकडे गावच्या टोपल्या येऊन साचत होत्या. तीस, पस्तीस, चाळीस. किरणला रजा मिळेना. आणि वसुबारस चार दिवसांवर.

त्या दुपारी ती आबाजींकडे आली. ते चिंचेखाली खुर्चीत बसले होते.

"आबा, ऐकता का? आता सगळ्यांचं भात कर्जत-तीन वाणाचंच ना? बियाणं एकाच ठिकाणचं. मग वेगळं वेगळं भाजायचं कशाला? एकत्र मोठे घाणे काढते, ज्याचं जेवढं भात त्या मानानं पोहे तोलून देते. बायांना पण ताटकळायला नको. आज ठेवून जातील, उद्या घेऊन जातील. काय वाटतं?"

आबाजींनी मान हलवली. ती मान हो म्हणाली की नुसतीच हलली, मला कळलं नाही. सुप्रियानं ती हो धरली.

तिचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. ज्या कंपनीत ती होती तिथे हे असंच करत, आणि तिथे ते बरोबरच होतं. तिनं टोपल्यांच्या चिंध्या सोडल्या, वजनं कागदावर लिहिली आणि भात एकत्र केलं. त्यात एक लहान डालगी होती, वर पळसाची पानं घातलेली. तिच्यातलं भात बाकीच्यांसारखंच दिसत होतं. ओलं तूस सगळं सारखंच. ते माझ्या चाकाखाली आलं, तूस फुटलं, आणि आतून तांबडा दाणा निघाला. मला ओरडता आलं असतं तर ओरडले असते. मला फक्त खडखडता येतं, आणि खडखडते मी रोजच.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायका आल्या. द्वारकाकाकूंनी चष्मा वर केला, मूठभर पोहे तळहातावर पसरले.

"ही लाल कसली गं? माज्या शेतात तांबडं कदी पिकलं?"

"माज्यात पन हाय बग."

"आन् माज्यात! सुप्रिया, कुनाचं कुनात घातलंस?"

सुप्रियानं समजावून सांगितलं. बियाणं एकच, वजन चोख, कुणाचं एक मूठ कमी नाही.

"वजन काय चाटायचंय?" द्वारकाकाकू म्हणाल्या. "माजी लेक नेरळला दिली हाय. तिची सासू एकेक पोहा निवडून बगती. तिला काय सांगू, यंदा माज्या शेतात सगळ्या गावानं पेरलं?"

कुणीतरी हसलं. पण ते हसणं चांगलं नव्हतं.

एवढ्यात जयवंता आली. जयवंता म्हणजे डोंगरावरच्या वाडीतली, साठीची बाई. दर दिवाळीला तासभर चालून खाली यायची, घटकाभर आनंदीबाईंजवळ बसायची आणि जायची. तिनं सगळ्या टोपल्यांवरून नजर फिरवली.

"माजी डालगी कुटं हाय? पानं घातलेली?"

सुप्रियानं तिच्या वजनाचे पोहे पुढे केले. पांढरे, मध्ये मध्ये तांबडा ठिपका. जयवंतानं हात लावला नाही.

"हे माजं नाय."

"मावशी, तुमचं तीन किलो होतं, त्याचे—"

"ते माज्या खायाचं नव्हतं गं. तुमच्या घरी यंदा दिवाळी नाय. वयनीला आमचे तांबडे पोहे लई आवडायचे. म्हनलं, हितंच भाजून घ्यावे आन् आबाजीदादाच्या हातात द्यावे. तुमच्या घरासाटी आनलं व्हतं ते."

तिनं रिकामी डालगी उचलली, उलटी करून झटकली आणि निघून गेली. बाकीच्याही आपापले पोहे घेऊन गेल्या. भांडण झालं नाही. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं.

रिसॉर्टचं काम वेळेत गेलं. गावच्या अजून वीसेक टोपल्या यायच्या होत्या. त्या दुसऱ्या दिवशी एका टेंपोतून माझ्यासमोरून गेल्या, नेरळच्या बाजूला, तिकडच्या गिरणीकडे. चिंध्या, टहाळे, सगळ्या खुणा मला ओळखू येत होत्या. टेंपो थांबला नाही.

नरक चतुर्दशीला सकाळी आबाजी शेडमध्ये येऊन बसले. मागोमाग किरण आला.

"आबा, घरी चला. चहा निवला."

"कुनी आलं व्हतं?"

"नाय."

"द्वारकाकडनं?"

"कुनीच नाय आबा."

आनंदीबाई गेल्यानंतरच्या पहिल्या दिवाळीला त्यांच्या घरी कुणी ताट पाठवलं नव्हतं. किरण थोडा वेळ पायानं माती उकरत राहिला. मग म्हणाला, "रस्त्याकडंची जागा हाय. प्लॉटवाला दोनदा विचारून गेला. बायाच येनार नसतील तर गिरनी कुनासाटी ठेवायची? दिवाळी झाली की सांगून टाकू त्याला."

सुप्रिया दारात उभी होती. तिनं ऐकलं होतं. आबाजींनी तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "मी मान हलवली त्या दिवशी. मला ठावं व्हतं, एकत्र करायचं नसतं. बोलायचा कंटाळा आला. ती गेल्यापास्नं मला बोलायचाच कंटाळा येतो. तुजी एकटीची चूक नाय."

सुप्रिया रडली नाही. तिला मोठी पंचाईत पडली होती. चूक भरून काढायची तर नवे पोहे करून घरोघर द्यायचे, हे कुणालाही सुचेल. पण सुतकी वर्षातल्या घरानं दिवाळीचे पोहे वाटायचे नसतात. ते घर फक्त घेऊ शकतं. ती घरी गेली आणि एक रिकामा स्टीलचा डबा घेऊन बाहेर पडली.

पुढचं मी पाहिलेलं नाही. पण द्वारकाकाकूंनी ते माझ्यासमोर इतक्यांदा सांगितलंय, की दर वेळी डबा थोडा मोठा होत गेलाय. सुप्रिया त्यांच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, "काकू, आईच्या नावानं मूठभर पोहे द्या."

"माज्याकडं तुजेच हायत. मिसळलेले."

"तेच द्या. जसे हायत तसे."

मागायचं नसतं, आणि ती मागत होती. द्वारकाकाकू म्हणतात, त्यांना तिच्याकडे बघवेना. "उभी काय ऱ्हातेस, बस आदी! आमी इसरलो नव्हतो गं. रागावलो व्हतो." त्यांनी डबा भरला, वर एक करंजी ठेवली, आणि स्वतः तिच्याबरोबर पुढच्या घरी गेल्या. संध्याकाळपर्यंत आबाजींच्या ओटीवर बारा घरांचा फराळ होता.

दुसऱ्या दिवशी सुप्रिया डोंगर चढून वाडीत गेली. जयवंता अंगणात सूप घेऊन बसली होती. ती एवढंच म्हणाली, "माजे पोहे कुटं हायत द्यायला? मी तर नेलेच नाय." सुप्रिया रिकामा डबा घेऊन खाली आली.

भाऊबीजेला, दुपार कलताना, जयवंता माझ्यासमोर येऊन उभी राहिली. डोक्यावर तीच डालगी, आत भिजवलेलं भात, शेर-दोन शेर.

"भट्टी पेटव," ती सुप्रियाला म्हणाली. "आन् माज्यासमोर भाज."

सुप्रियानं वाळू तापवली. जयवंता तिच्या शेजारी उकिडवी बसली, कान कढईकडे. वाडीत खापरीवर भाजण्यात तिचा जन्म गेला होता. भात तडतडू लागलं तसा सुप्रियाचा हात झाऱ्याकडे गेला.

"अजून नाय."

हात मागे.

"घाई करू नको गं, ते कुटं जातंय? आईक. आता बारीक वाजतंय… आता जाड… हां! काड!"

तेव्हा सुप्रियाला तो क्षण ऐकू आला. मला कळलं, कारण माझ्यात पडलं ते भात आनंदीबाईंच्या हातून पडायचं तसंच होतं. चाकाखालून तांबडे, पातळ, अखंड पोहे निघाले. जयवंतानं ते पदरात घेतले आणि आबाजींच्या ओंजळीत ओतले.

"दादा, दिवाळी तुमच्याकडं नाय. माज्याकडं हाय. घ्या."

आबाजी ओंजळ तशीच धरून घरी गेले. फोटोपुढे ठेवले, की स्वतः खाल्ले, मी विचारू शकत नाही.

मार्गशीर्षात निलेशचा फोन आला. सुप्रियानं तो स्पीकरवर ठेवला होता.

"मॅडम, मागच्या पोह्यांत मध्ये मध्ये लाल होते ना, पाहुण्यांना फार आवडले. तसेच पाठवा."

"ते चुकून झालं होतं हो. कढईत राहिले असतील."

"मग पुन्हा चुका की!"

सुप्रिया हसली, पण तशी चूक तिनं पुन्हा केली नाही. ती जयवंताकडे गेली, नुसते तांबडे पोहे विकायचे का, असं विचारायला. जयवंतानं तिला झाडलं. "आमच्या पोटाला लागतं तेवडं पिकतं. पोटातलं काडून हाटेलाला देऊ व्हय?" तीन महिन्यांनी तीच खाली आली. वाडीत तीन घरांनी डोंगरउतारावरची पडीक वरकस जमीन खणायला काढली होती. "जास्तीचं पिकलं तर बगू. नाय पिकलं तर तुज्या सायबाला सांग, पांढरे खा." यंदा थोडं जास्तीचं पिकलं. त्याचे पोहे दिवाळीनंतर होतील. दिवाळीच्या आधीचे वीस दिवस बाहेरचं काम घ्यायचं नाही, हे सुप्रियानं निलेशला सांगून टाकलं. तो कुरकुरला. एक महिना त्याचा फोन आला नाही, मग आला.

पण गावच्या टोपल्या येणार का, हे यंदाच्या आश्विनापर्यंत कुणालाच ठाऊक नव्हतं. किरणनं प्लॉटवाल्याला या दिवाळीपर्यंत थांबवून ठेवलं होतं. पहिल्या दिवशी सुप्रियानं सकाळी भट्टी पेटवली. नऊ वाजले, दहा वाजले. किरण सुट्टी काढून आला होता. तो घड्याळ बघायचा आणि कुणी बघतंय का ते बघायचा. आबाजींनी घरची टोपली आणून कोपऱ्यात ठेवली होती. वर्ष सरलं होतं. आता त्या घरालाही दिवाळी होती.

साडेदहाला द्वारकाकाकूंचा आवाज आधी आला, टोपली मागून. "सरका रं, म्हातारीच्या डोक्यावर भात हाय!" मग आणखी दोघी. मग रिक्षातून तिघी. जेवणवेळेपर्यंत चौदा टोपल्या. काही नेहमीच्या बाया आल्या नाहीत. त्यांना नेरळची गिरणी सोयीची पडली असेल. त्यांचंही बरोबरच असेल. वीस दिवसांत सगळ्या मिळून चव्वेचाळीस टोपल्या झाल्या. पूर्वीच्या मानानं काहीच नाहीत. किरणनं त्या दोनदा मोजल्या. शेवटच्या दिवशी संध्याकाळी त्यानं प्लॉटवाल्याला फोन लावला आणि बोलत बोलत रस्त्यापलीकडे गेला. काय बोलला ते ऐकू आलं नाही, पण तो माणूस परत आलेला नाही.

मला सांगायचा आहे तो पहिल्याच दिवसाचा पहिला घाणा. सुप्रियानं द्वारकाकाकूंची टोपली उचलली, तर काकूंनी तिचा हात धरला.

"माजं नंतर. आदी तुमचं."

"काकू, मालकाचं शेवटी असतं. आई पण—"

"तुजी सासू गप ऱ्हायली असती व्हय, तिचं घर असं वर्षभर उपाशी बगून? घाल कढईत."

जमलेल्या सगळ्या जणी थांबल्या. सुप्रियानं आपल्या घरचं भात भाजलं. कुणी बोललं नाही, तिला ऐकू यावं म्हणून. आबाजींनी ते माझ्यात ओतलं. चार दाणे बाहेर सांडले. पोहे निघाले. द्वारकाकाकूंनी न विचारता चिमूट तोंडात टाकली आणि डोळे मिटून चावत राहिल्या.

"वयनीपरीस एक श्वास आदी काडतेस गं तू."

सुप्रियाचा चेहरा उतरला. "मऊ राहिले का?"

"नाय. बरे हायत. तुजे हायत, म्हनून सांगितलं."

आबाजींनी तोंड वळवलं आणि नसलेला चुरा झाडू लागले.

तर अशी मी. चाळिशीकडे निघालेली बिडाची बाई. माझं बेअरिंग आता कोल्हापुरातही सहजासहजी मिळत नाही, आणि शेजारच्या तुकड्याला तारेचं कुंपण पडलं आहे. अजून किती दिवाळ्या फिरेन, सांगता येत नाही. माझी तक्रार नाही, एक विनंती आहे. तुमच्या घरात शेर-दोन शेर का होईना, आपल्या शेतातलं भात असेल, तर ते दोन रात्री भिजवा, निथळा आणि घेऊन या. थोडं आहे म्हणून लाजू नका. सकाळी या, थोडं थांबावं लागेल. आणि टोपली खाली ठेवताना आपल्या घराचं नाव मोठ्यानं सांगा. मी फिरत असले की सुप्रियाला हळू बोललेलं ऐकू येत नाही.